घरगुती मद्याची वाहतूक आणि आबकारीची सत्ता
(औरंगाबाद परिसराच्या विशेष संदर्भात)

१. विषयाचे स्वरूप

मद्याच्या इतिहासाचा विचार आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी झालेला आहे. एक अंग नीतीचे आणि दुसरे सरकारी महसुलाचे. मद्यपानाने समाजाची हानी किती झाली आणि मद्यावरील कराने खजिन्यात भर किती पडली, या दोन प्रश्नांभोवतीच बहुतेक लेखन फिरते. वाहतुकीच्या तिसऱ्या अंगाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. घरी तयार केलेल्या बिअरच्या चार बाटल्या परगावच्या स्नेह्याकडे सुरक्षितपणे आणि कायदेशीरपणे पाठवावयाच्या झाल्यास काय करावे लागेल, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधू लागले असता मद्यविषयक कायद्याचा सारा इतिहास त्यात गुंतलेला आहे, असे आढळून येते.

या प्रश्नाला दोन बाजू आहेत. बाटली वाटेत फुटू नये व आतील पेय नासू नये, ही द्रव्याची बाजू झाली. ती नाक्यावर अडवली जाऊ नये, ही राजसत्तेची बाजू झाली. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या दोन बाजू इतिहासात परस्परांपासून अलग राहिलेल्या नाहीत. जे पेय टिकते, मोजता येते आणि ज्यावर मोहोर उठवता येते, त्यालाच वाटेचा हक्क मिळाला. जे टिकत नाही किंवा ज्याचे माप सरकारला घेता येत नाही, ते घरात कोंडले गेले. आणि कालांतराने घरातही ते गुन्हा ठरले. औरंगाबादचा परिसर दीर्घकाळ दोन राज्यांच्या सरहद्दीवर असल्यामुळे या प्रक्रियेच्या अभ्यासास तो विशेष उपयुक्त आहे.

२. अर्थशास्त्रातील व्यवस्था

या विषयाचा प्राचीन व बराच तपशीलवार विचार कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात, सुराध्यक्षाच्या प्रकरणात, आलेला आहे. ग्रंथाच्या कालनिर्णयाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. परंतु आपल्या मुद्द्याला त्याने बाध येत नाही. सुरा गावाबाहेर नेऊ देऊ नये, असा तेथे स्पष्ट दंडक आहे. त्याची तीन कारणे दिली आहेत. कामावर नेमलेल्यांच्या हातून प्रमाद घडेल, आर्य मर्यादा ओलांडतील आणि तापट माणसे अविचाराने काही साहस करतील, अशी ती भीती आहे.

या दंडकाला लगेच एक अपवाद जोडलेला आहे आणि तो आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. ज्यांची सचोटी माहीत आहे अशा लोकांनी ठरावीक अल्प प्रमाणात सुरा बाहेर न्यावयास हरकत नाही, असे कौटिल्य म्हणतो. ही प्रमाणे कुडुंब, प्रस्थ इत्यादी मापांत सांगितली आहेत आणि नेले जाणारे मद्य 'लक्षित', म्हणजे खूण केलेले, असावे अशी अट आहे. नेणाऱ्याची ओळख, मद्याचे माप आणि भांड्यावरील खूण या तीन गोष्टींवर ही परवानगी उभी आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात आबकारी खात्याने जो वाहतुकीचा पास निर्माण केला, त्याचीही अंगे हीच तीन होती.

याच प्रकरणात कुटुंबवत्सल गृहस्थांना सणासमारंभासाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा दिलेली आहे. उत्सव, समाज व यात्रा या प्रसंगी चार दिवसांची सवलत सांगितली आहे. घरात करण्याची मुभा आणि गावाबाहेर नेण्यास मनाई हा भेद कौटिल्याने जाणीवपूर्वक केलेला आहे. राज्याच्या दृष्टीने घरातील मडके हा कुटुंबाचा व्यवहार होता. ते मडके वाटेला लागले की तो राज्याचा व्यवहार झाला. हा भेद पुढे कसा पुसट होत गेला, ते आता पाहावयाचे आहे. त्यापूर्वी पेयांच्या स्वभावाचा थोडा विचार करणे अवश्य आहे.

३. पेयांचा स्वभाव आणि अंतर

महाराष्ट्रातील पारंपरिक पेयांपैकी दोन येथे घेऊ. पहिली ताडी. माड, ताड किंवा शिंदी या झाडांचा रस पहाटे उतरवला की लगोलग आंबू लागतो. काही तासांत त्यात मद्यार्क तयार होतो आणि दुसऱ्या दिवशी तो आंबट होऊन शिरक्याच्या वाटेला लागतो. मडक्याला आतून चुना लावल्यास आंबण्याची क्रिया रोखली जाते व रस नीरा म्हणून गोड राहतो. मात्र चुना न लावलेल्या ताडीला दीर्घ प्रवास मानवत नाही. घट्ट बूच मारून ती बाटलीत कोंडली, तर आत निर्माण होणारा वायू बूच उडवतो किंवा बाटली फोडतो. त्यामुळे ताडीचे गुत्ते झाडांपासून थोड्या अंतरावरच चालू शकत. सरकारनेही तिच्यावर नियंत्रण ठेवताना रसापेक्षा झाडाकडे लक्ष दिले. झाडावर क्रमांक घालावा आणि झाडामागे कर घ्यावा, ही पद्धत मुंबई इलाख्यात रूढ झाली.

दुसरे पेय मोहाचे. मोहाची फुले साखरेने भरलेली असतात आणि वाळवल्यावर महिनोन्‌महिने टिकतात. ती पोत्यांत भरून शेकडो मैल नेता येतात. त्यांपासून गाळलेली दारूही टिकाऊ असते. म्हणजे मोहाला वाट मानवते. फुलाच्या रूपाने मानवते आणि दारूच्या रूपानेही मानवते. त्यामुळे सरकारची दृष्टी मोहाच्या बाबतीत झाडावर न राहता फुलावर आणि फुलांच्या पोत्यावर खिळली.

बिअरचा स्वभाव या दोहोंच्या मध्ये बसतो. अंकुरवलेले सातू उकळून, त्यांत हॉप्सची कडवट फुले घालून आणि यीस्टने आंबवून ती तयार होते. मद्यार्काचे प्रमाण थोडे, साधारणपणे शेकडा पाचच्या आसपास; त्यामुळे ती गाळलेल्या दारूइतकी सुरक्षित नाही. परंतु उकळण्यामुळे व हॉप्समुळे ती ताडीपेक्षा पुष्कळ अधिक टिकते. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनजवळील बो येथील हॉजसनच्या कारखान्यातून हिंदुस्थानात येणारी फिकट बिअर केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार ते सहा महिन्यांचा समुद्रप्रवास करी. हॉप्सचे प्रमाण वाढवल्याने ती या प्रवासात टिके. पुढे १८२० नंतर बर्टन येथील कारखानदारांनी हा व्यापार आपल्याकडे ओढला. घरगुती पेयाला व्यापारी वस्तू होण्यासाठी लांबचा प्रवास सोसावा लागतो, आणि तो सोसण्यासाठी आपला स्वभाव बदलावा लागतो, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

४. १८७८ चा कायदा आणि वाटेवरील पहारा

मुंबई इलाख्यात आबकारीची आधुनिक व्यवस्था १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने घातली गेली. चार्ल्स प्रिचर्ड हा अधिकारी या व्यवस्थेचा प्रमुख शिल्पकार समजला जातो. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून मद्यनिर्मिती थोड्या मोठ्या भट्ट्यांत एकवटावी आणि तेथून कर भरलेली दारूच बाहेर पडू द्यावी, हे तिचे सूत्र होते. कुलाबा जिल्ह्यातील उरण हे अशा भट्ट्यांचे मोठे केंद्र होते. तेथील भट्ट्या बहुतांशी पारशी व्यावसायिकांच्या होत्या आणि त्या मोहाच्या फुलांवर चालत. दारूची तीव्रता हायड्रोमीटरने मोजून २५ अंश व ६० अंश अंडरप्रूफ अशा ठरावीक दर्जाची दारू बाहेर पडे, आणि ती परवान्याखाली वाहून नेली जाई.

या कायद्यात निर्मिती, वाहतूक, ताबा आणि विक्री या क्रिया निरनिराळ्या मानलेल्या आहेत आणि प्रत्येकीस परवानगीची आवश्यकता आहे. मद्य तयार करणारा, वाहून नेणारा, घरात ठेवणारा आणि विकणारा ही चार माणसे कायद्याच्या दृष्टीने चार स्वतंत्र प्रकरणे ठरली. घरी केलेले मद्य शेजाऱ्याला भेट म्हणून देणे हा पूर्वी एकच सामाजिक व्यवहार होता. तो आता तीन कलमांत विभागला गेला.

वाटेवरील पहाऱ्याची गरज सरहद्दींमुळे अधिकच तीव्र झाली. शेजारच्या राज्यात कर कमी असेल तर तेथील दारू इकडे येणार, हे उघड होते. म्हणूनच १८७८ साली पोर्तुगालशी झालेल्या तहात जकात व मीठ यांबरोबर आबकारीचाही समावेश करण्यात आला आणि गोव्यात मुंबईच्या धर्तीची आबकारी व्यवस्था आणण्यात आली. हा तह १८८० ते १८९२ अशी बारा वर्षे अमलात होता. तो संपला त्याच १८९२ साली मुंबई सरकारने मोहाच्या फुलांचा कायदा करून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत त्या फुलांवर निर्बंध घातले. आतापर्यंत दारूवर असलेला पहारा येथे दारूच्या कच्च्या मालावर येऊन बसला. फूल हे खाद्यही होते आणि जनावरांचा चाराही होता. परंतु ते दारूच्या वाटेवरचे पहिले पाऊल होते आणि तेवढ्यावरून ते संशयास पात्र झाले.

या धोरणास विरोधही झाला. महात्मा जोतीराव फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्ये शहरातील वाढत्या गुत्त्यांविरुद्ध आवाज उठवला. १८८९ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश पार्लमेंटात सॅम्युएल स्मिथ यांनी हिंदुस्थानातील आबकारी धोरणावर टीका करणारा ठराव मांडला. या विरोधाचा रोख सरकारच्या महसुली लोभावर होता. घरगुती पेयांना त्यांची पूर्वीची मोकळीक परत मिळावी, असा मुद्दा त्यात पुढे आला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. सुधारकांची दृष्टी मद्यपानाच्या दुष्परिणामांकडे होती, आणि सरकारची कराकडे. ज्यांच्या सणावारांत ही पेये होती त्या समाजांचे म्हणणे दोघांच्याही कागदपत्रांत क्वचितच येते.

हिंदुस्थानात सर्वत्र हीच रीत होती असे मात्र नाही. बंगाल व छोटा नागपूर भागात तांदळापासून होणारी 'पचवई' स्वतःच्या उपयोगासाठी घरी करण्यास आदिवासी जमातींना सवलत होती. विक्री करू नये आणि घरात ठेवावयाचे प्रमाण मर्यादित असावे, अशा अटी तिला होत्या. कौटिल्याने केलेला घर आणि वाट यांतील भेद तेथे काही अंशी टिकून राहिला. मुंबई इलाख्यात तो टिकला नाही.

५. सरहद्दीवरील औरंगाबाद

औरंगाबाद १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. उत्तरेस अजिंठ्याची डोंगररांग; तिच्या पलीकडे ब्रिटिश खानदेश. पश्चिमेस नाशिक व नैर्ऋत्येस अहमदनगर हे मुंबई इलाख्याचे जिल्हे. या सरहद्दीच्या दोन्ही बाजूंस भाषा एक, नातीगोती एक आणि झाडेही तीच; परंतु आबकारीचे कायदे भिन्न. निजामाच्या राज्यात शिंदीच्या रसापासून होणाऱ्या सेंदीचे व दारूचे मक्ते ही महसुलाची महत्त्वाची बाब होती. १३१६ फसलीत, म्हणजे इ. स. १९०६-०७ च्या सुमारास, तेथे आबकारीचा स्वतंत्र कायदा झाला.

जालना व औरंगाबाद येथील छावण्यांमुळे या भागात विलायती बिअरही येत असे. तिच्या प्रवासाचा मार्ग पाहण्यासारखा आहे. मुंबई बंदरात उतरलेला माल ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने नांदगावपर्यंत येई. नांदगाव ते औरंगाबाद हे पन्नास मैलांहून अधिक अंतर बैलगाडीने किंवा टांग्याने काटावे लागे. निजामाच्या हद्दीत शिरताच मालावर करोडगिरी खात्याचा, म्हणजे जकातीचा, अंमल सुरू होई. १८०२ च्या व्यापारी तहाने या जकातीची मर्यादा शेकडा पाच ठरलेली होती. हैदराबाद ते मनमाड ही मीटरगेज लोहमार्गाची वाट १९०० च्या सुमारास सुरू झाल्यावर गाडीवाटेचा त्रास संपला. जकातीची सीमा मात्र कायम राहिली.

येथे दोन पेयांच्या नशिबांची तुलना करता येते. हजारो मैलांवरून आलेली बिअर कर भरून, मोहोर दाखवून सरहद्द ओलांडू शकत होती. कन्नडच्या डोंगरातील भिल्लाच्या घरी झालेली मोहाची दारू मात्र डोंगर उतरून चाळीसगावकडे निघाली की ती चोरटी ठरे. एकीच्या अंगावर कारखान्याचा शिक्का व पासाचा कागद होता. दुसरीच्या अंगावर तसे काहीही नव्हते. कायद्याने हा निवाडा पेयाच्या गुणदोषांवरून केलेला नव्हता.

६. दारूबंदी आणि उलटलेली सीमा

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मद्यनिषेध हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व ठरले. मादक मद्याची निर्मिती, ताबा, वाहतूक, खरेदी व विक्री हे विषय सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या आठव्या नोंदीत घातले गेले. १८७८ च्या कायद्यातील क्रियांची विभागणी येथे घटनेच्या भाषेत पुन्हा भेटते. तत्पूर्वीच मुंबई राज्याने १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा अमलात आणला होता. त्याच्या १२ व्या कलमाने मद्य तयार करणे, आयात करणे, निर्यात करणे, वाहून नेणे, जवळ बाळगणे, विकणे व विकत घेणे या साऱ्या गोष्टींना सरसकट मनाई केली. आणि ११ व्या कलमाने कायदा, नियम व परवाने यांच्या मर्यादेत त्याच गोष्टींना वाट करून दिली. म्हणजे मनाई हा नियम आणि परवाना हा अपवाद, अशी रचना झाली.

या कायद्याच्या वैधतेचा प्रश्न मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९५१ साली न्यायालयाने औषधी व प्रसाधनाच्या द्रव्यांसंबंधीच्या काही तरतुदी रद्द ठरवल्या. परंतु मद्याची निर्मिती, ताबा व वाहतूक यांवर बंदी घालण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला. पुढे १९९४ च्या खोडे डिस्टिलरीज खटल्यात मद्याच्या व्यापाराचा मूलभूत हक्क कोणासही नाही, हे तत्त्व पुन्हा स्पष्ट करण्यात आले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने दिलेल्या निर्णयात तर आठव्या नोंदीची व्याप्ती कच्च्या मालापासून सेवनापर्यंत असल्याचे म्हटले आहे. १८९२ च्या मोहाच्या कायद्यामागील दृष्टी यात अधिक विस्तृत रूपाने दिसते.

मराठवाड्याच्या दृष्टीने १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख निर्णायक होय. त्या दिवशी मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. दारूबंदीचा कायदा जेथे लागू नव्हता अशा मुंबई राज्याच्या उर्वरित भागास तो १९५९ च्या विस्तार कायद्याने लागू करण्यात आला, आणि आबकारीच्या मक्त्यांची सवय असलेला प्रदेश दारूबंदीच्या अमलाखाली आला.

या स्थित्यंतराचा वाहतुकीवर झालेला परिणाम सूक्ष्म असला तरी महत्त्वाचा आहे. कायद्याच्या परिभाषेत राज्याच्या आतल्या आत मद्य नेणे ही 'वाहतूक' होय. राज्याबाहेरून आणणे ही 'आयात' आणि राज्याबाहेर नेणे ही 'निर्यात'. १९५६ पूर्वी औरंगाबादहून हैदराबादेस मद्य नेणे हा एका राज्याच्या अंतर्गत व्यवहार होता आणि नाशिकला नेणे म्हणजे सरहद्द ओलांडणे होते. १९५६ नंतर हे सारे उलटले. नाशिक घरातले झाले आणि हैदराबाद परके. रस्ता तोच, अंतर तेच आणि बाटलीही तीच. परंतु तिच्यासाठी लागणारे कागद बदलले. आज छत्रपती संभाजीनगरहून हैदराबादकडे मद्य पाठवावयाचे झाल्यास एका राज्याची निर्यातीची आणि दुसऱ्याची आयातीची, अशा दोन परवानग्यांचा प्रश्न येतो.

७. बाटलीतील दाब

आता द्रव्याच्या बाजूकडे पुन्हा वळू; कारण वाहतुकीतील सुरक्षिततेची अडचण केवळ कल्पित नाही. घरगुती बिअरमध्ये यीस्ट जिवंत असते. बाटली भरताना फेस यावा म्हणून लिटरमागे सुमारे ७ ग्रॅम साखर घातली, तर तिच्यापासून सुमारे साडेतीन ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो मोकळा झाल्यास पावणेदोन लिटर जागा व्यापेल. बंद बाटलीत तो द्रवात विरून राहतो व दाब निर्माण करतो. मूळ आंबवणी अपुरी राहून तेवढीच साखर आणखी शिल्लक राहिली असेल, तर या वायूचे प्रमाण दुप्पट होते. शिवाय उष्णता वाढली की वायूची विद्राव्यता घटते. २० अंश सेल्सिअसला असलेला बाटलीतील दाब ४० अंशांना सुमारे दुपटीवर जातो. मराठवाड्यातील वैशाखात बंद मालगाडीत किंवा ट्रकच्या टपाखाली ४० अंश ही काही असामान्य गोष्ट नव्हे. म्हणून पातळ काचेच्या, पूर्वी दुसऱ्या पेयासाठी वापरलेल्या बाटलीत अर्धवट आंबलेली बिअर भरून ती उन्हाळ्यात पाठवणे हे प्रत्यक्ष धोक्याचे कृत्य होय.

या अडचणीवर कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात केली. लुई पाश्चर यांचा बिअरवरील ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध झाला. त्यातील तत्त्वानुसार भरलेली बाटली सुमारे ६० अंशांपर्यंत काही काळ तापवून यीस्ट निष्क्रिय करता येऊ लागले. १८९२ साली अमेरिकेत विल्यम पेंटर याने दातेरी पत्र्याच्या बुचाचे पेटंट घेतले, आणि हे बूच दाब नेमकेपणाने धरून ठेवू लागले. जाड काच, ठरावीक माप, मृत यीस्ट आणि एकसारखे बूच यांमुळे कारखान्याची बाटली प्रवासाला योग्य झाली. याच गुणांमुळे ती आबकारी खात्यालाही सोयीची झाली. मोजावयास सोपी, शिक्का मारावयास सोपी आणि चिठ्ठीवरून उगम ओळखावयास सोपी अशी ती वस्तू होती. सुरक्षितता आणि कायदेशीरपणा यांचा मिलाफ कारखान्याच्या बाटलीत झाला, तो असा.

घरगुती बाटलीतही काळजी घेता येते. आंबवणी पूर्ण होऊ देणे, साखर तोलून घालणे, जाड काचेची बाटली वापरणे, मानेत थोडी मोकळी जागा ठेवणे, प्रत्येक बाटली स्वतंत्र गुंडाळून उभी ठेवणे आणि पेटी उन्हापासून दूर राखणे, इतके केले तर फुटण्याचा संभव पुष्कळ कमी होतो. म्हणजे द्रव्याच्या बाजूचे उत्तर अवघड नाही. राजसत्तेच्या बाजूचे उत्तर मात्र निराळे आहे.

८. कारखान्यांचे शहर आणि घरचे मडके

महाराष्ट्रातील दारूबंदी पुढील काळात परवान्यांच्या मार्गाने शिथिल होत गेली. औरंगाबादेस चिकलठाणा व वाळूज येथील औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, जायकवाडीचे पाणी मिळाले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हे शहर देशातील बिअर-उत्पादनाच्या प्रमुख केंद्रांत गणले जाऊ लागले. हे उत्पादन एवढे वाढले की, २०१६ च्या दुष्काळात मद्य व बिअर कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठास द्यावा लागला. ज्या शहरातून परवान्याखाली बिअरने भरलेले ट्रक बाहेर पडतात, त्याच शहरातील गृहस्थास घरी केलेली एक बाटली शेजारच्या गल्लीत नेता येत नाही. १२ व्या कलमाखाली परवान्यावाचून ती तयार करणे हाच पहिला अपराध होतो, नेणे हा दुसरा, आणि ज्याच्या घरी ती पोहोचते त्याच्याकडे तिचा ताबा हा तिसरा. विक्री झालेली नाही, हा बचाव या तिन्हींत अपुरा पडतो.

इतर देशांत हा प्रश्न कसा सुटला, हे तुलनेसाठी पाहावे. इंग्लंडमध्ये घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ साली रद्द झाला. विक्रीस मात्र परवान्याची अट राहिली. अमेरिकेत १९७८ साली संमत झालेल्या संघीय कायद्याने प्रौढ व्यक्तीस वर्षाला १०० गॅलन आणि दोन वा अधिक प्रौढांच्या घरास २०० गॅलन बिअर स्वतःच्या उपयोगासाठी कर न भरता करता येऊ लागली. तरीही अमेरिकेचे टपाल खाते आजही मद्याची पार्सले स्वीकारत नाही. अर्थात त्या देशांतही घर आधी मोकळे झाले आणि वाट बंद राहिली. विमानप्रवासाचे नियम तर आणखी निराळ्या तत्त्वावर आधारलेले आहेत. ते आगीचा धोका पाहतात. म्हणून शेकडा २४ पेक्षा अधिक व ७० पर्यंत मद्यार्क असलेले पेय प्रत्येकी ५ लिटरपर्यंत आणि विक्रीच्या मूळ बंद वेष्टणातच नेता येते, तर त्याहून सौम्य पेयांवर धोकादायक मालाचे बंधन नाही. परंतु विमानाच्या नियमाने मिळालेली मोकळीक राज्याच्या आबकारी कायद्यापासून कोणाचे रक्षण करू शकत नाही.

आपल्याकडेही अलीकडे काही हालचाल दिसते. २००९ साली पुण्यात लहान प्रमाणावर ताजी बिअर तयार करून तेथेच देणारा पहिला परवानाधारक कारखाना सुरू झाला. अशी बिअर जागेवरच प्यावी, हे त्या परवान्याचे मूळ सूत्र होते; २०२० च्या टाळेबंदीच्या काळात ती भांड्यात भरून घरी नेण्यास मुभा देण्यात आली. २०२१ साली राज्य शासनाने मोहाच्या फुलांवरील निर्बंध शिथिल केले. १८९२ मध्ये सुरू झालेली एक परंपरा अशा रीतीने सव्वाशे वर्षांनी ढिली झाली. फूल आता वाटेने जाऊ शकते. फुलापासून घरी केलेले पेय जाऊ शकत नाही.

राज्याच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. मिथाइल अल्कोहोल मिसळलेली ती दारू होती. शिक्का व पास यांची पद्धत अशा प्रसंगी उगमाचा शोध घेण्यास उपयोगी पडते, हे नाकारता येत नाही. तथापि धान्य आंबवून केलेल्या साध्या बिअरमध्ये हे विष घातक प्रमाणात तयार होत नाही. ते बाहेरून मिसळले जाते आणि ते मिसळणारे चोरट्या व्यापारातील असतात. सणासाठी मडके लावणारे कुटुंब आणि औद्योगिक विष मिसळणारा व्यापारी या दोघांना एकाच कलमाखाली आणल्याने पहिल्यावर अन्याय होतो आणि दुसऱ्याकडे पुरेसे लक्ष राहत नाही.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, मद्यावरील नियंत्रणाचे खरे क्षेत्र भट्टीइतकेच वाट हेही राहिलेले आहे आणि ओळख, माप व खूण ही त्या नियंत्रणाची साधने कौटिल्यापासून आजतागायत फारशी बदललेली नाहीत. दुसरी अशी की, कोणत्या पेयास वाट मिळावी हे ठरवताना त्याच्या हानिकारकतेपेक्षा त्याची टिकण्याची व मोजले जाण्याची पात्रता निर्णायक ठरली; म्हणून कारखान्याची बिअर वैध प्रवासी झाली आणि घरचे मडके अवैध ठरले. तिसरी गोष्ट औरंगाबादपुरती आहे. येथील माणसाच्या आयुष्यात राज्याची सीमा एकदा उत्तर-पश्चिमेकडून दक्षिण-पूर्वेकडे सरकली आणि तिच्याबरोबर त्याच्या हातातील बाटलीचा कायदेशीर अर्थही बदलला.

घरी केलेली बिअर कायदेशीरपणे कशी पाठवावी, या मूळ प्रश्नाचे महाराष्ट्रापुरते आजचे उत्तर असे की, परवान्यावाचून ती पाठवता येत नाही. कारण परवान्यावाचून ती करताच येत नाही. हे उत्तर बदलावे की नाही, हा धोरणाचा प्रश्न आहे आणि त्याचा निर्णय विधिमंडळाने करावयाचा आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने एवढेच दाखवून द्यावे की, घर आणि वाट यांत भेद करणारी व्यवस्था या देशात पूर्वी होती. तो भेद पुसला गेला तो महसुलाच्या सोयीसाठी. नीतीचे समर्थन त्यास मागाहून येऊन मिळाले. मराठवाड्यातील तालुक्यांच्या जुन्या आबकारी दप्तरांचा या दृष्टीने पद्धतशीर अभ्यास झाल्यास या विषयावर पुष्कळ नवा प्रकाश पडेल. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे काम हाती घ्यावे, अशी अपेक्षा आहे.